पडद्याबाहेर गेलेली पट्टी

शनवारा मोहल्ल्यातल्या आमच्या जुन्या शेजारणीचा उठावना गेल्या पौषात एका मंगळवारी दुपारी झाला. आई त्याला गेली नाही. शेजारीण वारल्याचेच तिला त्यानंतरच्या शनिवारी कळले, तेही भाजी घेताना.

मध्य प्रदेशातल्या आमच्या बऱ्हाणपुरात मृत्यूची बातमी सांगत घरोघर कोणी फिरत नाही. केबलवर गावाचे एक चॅनेल आहे. वर जुना सिनेमा नाही तर भजन चालू असते आणि खाली पट्टी सरकत असते. नळाला पाणी केव्हा येणार, कोणाचे पाकीट हरवले, कोणत्या क्लासमध्ये प्रवेश सुरू आहेत, हे सगळे तिथे हिंदीतून येते. त्यातच शोक संदेश येतो: कोण गेले, कोणाची आई, कोणाची सासू, आणि तिसऱ्या दिवशीची बैठक म्हणजे उठावना कुठे आणि किती वाजता. हा शब्द मुळात हिंदीभाषक घरांचा. आता मराठी घरांतही तोच चालतो. उठावन्याला बोलावणे नसते. पट्टी वाचायची आणि जायचे. तेराव्याला मात्र जेवण असते, म्हणून निरोप लागतो. निदान पट्टीच्या शेवटी 'यालाच व्यक्तिगत सूचना समजावे' अशी ओळ तरी लागते.

आई रोज दुपारी चारनंतर ते चॅनेल लावते. भजनाकडे तिचे लक्ष नसते.

नवा टीव्ही दिवाळीत आला. जुना खोक्यासारखा टीव्ही काढला आणि त्रेचाळीस इंची भिंतीवर लावला. त्या दिवशी निंबोल्याहून मामा आलेले होते. ते केळीवाले, येताना घड घेऊन येतात आणि घरातल्या प्रत्येक वस्तूवर मत देतात. गावाचे चॅनेल लावल्यावर चित्र पडद्याच्या मधोमध आले आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहिले.

"हे काय रे भाचा?" मामा म्हणाले. "येवढा मोठा टीव्ही घेतला अन् दोन बाजूले काळे परदे काहून लावले?"

मी म्हणालो, "चित्रच तेवढं आहे मामा."

"चित्र तेवढं हाय, तं टीव्ही तेवढा घ्यायचा होता. हे म्हंजे चार एकर घेऊन अडीच एकरात केळी लावणं झालं."

सगळे हसले. मामांनी रिमोट घेतला आणि बटणे दाबत राहिले. चित्र ताणले, आक्रसले, मग मोठे होऊन पडदाभर पसरले. काळे पट्टे गेले. "आता कसं भरून दिसते," ते म्हणाले. आईनेही मान डोलावली.

त्यानंतर पट्टी दिसेनाशी झाली. पूर्ण नाही. पडद्याच्या अगदी तळाला एक पांढरी रेघ उजवीकडून डावीकडे सरकत राही आणि तिच्यावर अधूनमधून वेलांट्या आणि मात्रा दिसत. ती अक्षरांची शिरोरेखा होती. अक्षरे खाली, पडद्याबाहेर होती. आम्हाला वाटले, चॅनेलवाल्यांनी नवी नक्षी केली असेल. आई म्हणाली, "आजकाल पट्टी बंद केली वाटतं मेल्यांनी." दोन महिने आमच्या घरी ही समजूत कायम होती.

शनिवारी भाजीबाजारात काय बोलणे झाले ते आईने घरी येऊन जसे सांगितले तसे देतो. शेजारणीची सून मेथी निवडत होती. आईला पाहून ती म्हणाली, "मावशी, तुम्ही आल्या नाही."

"कुठं ग?"

"आमच्या सासूबाईंच्या उठावन्याला."

आईने हातगाडीची कड धरली. म्हणाली, "मला माहीत नाही ग बाई. कधी?"

"मंगळवारी. दोन दिवस पट्टी चालली, मावशी. सकाळ-संध्याकाळ."

"आमच्याकडे दिसली नाही."

"सगळ्या गावाले दिसली. तुमच्याच घरी नाही दिसली?" एवढे बोलून सुनेने मेथीचे पैसे दिले आणि ती गेली. तेराव्याबद्दल ती एक शब्दही बोलली नाही.

शनवाऱ्यात आमची आणि त्यांची भिंत एक होती. उन्हाळ्यात दोन्ही घरांच्या कुरडया एकाच गच्चीवर वाळत. माझे वडील गेले त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटली नाही. पिठलं-भाकरी त्यांच्याकडून आली आणि त्या बाईने आईला स्वतःच्या हाताने घास भरवला होता. नंतर आम्ही शहराबाहेरच्या कॉलनीत आलो, त्यांनीही घर बदलले. सणाला फोन होत असे. तो शेजारणीच्या मोबाइलवरून येई, सुनेच्या नाही.

आईने पिशवी ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "पट्टी आण."

"कुठून आणू?"

"जिथं गेली तिथून. तेराव्याची येईल. ती मला माझ्या डोळ्यानं वाचायची आहे."

मी म्हणालो, "त्यांना फोन करतो ना. विचारून घेऊ, तेरावा किती वाजता आहे."

"फोन करून विचारायचं? तेरावा केव्हा आहे म्हणून? म्हणजे जेवायला केव्हा येऊ म्हणून?"

माझी बायको म्हणाली, "आई, समोरच्यांकडेही केबल आहे. त्यांच्याकडे बसून पाहा."

"लोकाच्या घरी सोफ्यावर बसून मरणाची वाट पाहू? चहा पण देतील ते."

आईने बोटांवर दिवस मोजले. तेरावा पुढच्या शुक्रवारी होता.

त्याच दुपारी काम सुरू केले. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'चित्राचा आकार' असा एक पर्याय होता आणि तिथे 'झूम' निवडलेले होते. मूळ अडचण थोडक्यात सांगता येते. गावाच्या चॅनेलचे चित्र जुन्या मापाचे आहे, रुंदी चार तर उंची तीन. नव्या टीव्हीचा पडदा रुंदी सोळा तर उंची नऊ. जुने चित्र पूर्ण ठेवले तर बाजूंना काळे पट्टे राहणारच. ते नको असतील तर चित्र आडवे ताणावे लागते, म्हणजे माणसे बुटकी आणि रुंद होतात. नाही तर चित्र मोठे करून वरून आणि खालून कापावे लागते. झूम म्हणजे हे कापणे. वरून कापले तर देवाचा मुकुट जातो, खालून कापले तर पट्टी.

झूम काढून सोळा-नऊ केले. शिरोरेखेखाली अक्षरांचा वरचा थोडा भाग आला. आई खुर्ची पुढे ओढून वाचू लागली. "कोणाची तरी आई... नाही, कोणाचे तरी बाबा..." मग चष्मा काढून म्हणाली, "हे काय वाचायचं? नुसती डोकी दिसतात."

'स्क्रीन फिट' नावाचा आणखी एक पर्याय यादीत होता. टीव्ही स्वतःच्या मर्जीने चित्राच्या कडेची थोडी जागा झाकतो. जुन्या टीव्हींच्या काळात कडा वाकड्या असत, तेव्हाची ही पद्धत. स्क्रीन फिट केले की झाकणे बंद होते. पण ती ओळ राखाडी होती. दाबली तरी काही होत नव्हते. का होत नाही, हे कुठेही लिहिलेले नव्हते.

रविवारी केबलवाला आला. त्याने त्याच्या मोबाइलवर चॅनेलचे चित्र दाखवले. त्यात पट्टी पूर्ण होती.

"देखो साहेब, आमच्याकडून पूरा जाऊन राहिला. सिग्नल बराबर हाय."

"मग आमच्याकडे पूर्ण का येत नाही?"

"टीव्हीची सेटिंग."

"टीव्हीच्या दुकानात विचारलं, ते म्हणतात सेट-टॉप बॉक्सची."

"ते तसंच म्हणते," तो म्हणाला आणि आमचा रिमोट घेऊन त्याने पुन्हा झूम केले. "हे बघा, कसं फुल दिसते. आता छान हाय ना, माताजी?"

आई म्हणाली, "बाबा रे, मला छान नको. मला पट्टी पाहिजे."

"पट्टीचं एवढं काय, माताजी? कोण गेलं ते मोबाइलवर येतेच." तो जिना उतरून गेला आणि मी झूम पुन्हा काढले. आईचा मोबाइल बटणांचा आहे.

टीव्ही कंपनीच्या हेल्पलाइनवर आधी हिंदी, मग इंग्रजी, मग पुन्हा हिंदी निवडावे लागले. त्यांनी विचारले, टीव्ही सेट-टॉप बॉक्सला कोणत्या वायरने जोडला आहे. मी पाहिले. पिवळी, लाल आणि पांढरी अशी तीन तोंडांची जुनी वायर होती. जुन्या टीव्हीची, तीच लावून दिली होती. त्यांचे म्हणणे, या वायरने हाय डेफिनिशन येत नाही, आणि हाय डेफिनिशन आल्याशिवाय स्क्रीन फिट उघडत नाही. एचडीएमआय वायर घ्या.

वायर घेतली, जोडली. पडदा काळा झाला आणि त्यावर 'सिग्नल नाही' ही चौकट इकडून तिकडे तरंगू लागली. टीव्ही अजून जुन्याच वाटेवर, एव्हीवर, थांबला होता. रिमोटवरच्या 'सोर्स' बटणाने वाट बदलायची असते. एचडीएमआय एक निवडले. सिग्नल नाही. वायर दुसऱ्या भोकात होती. एचडीएमआय दोन निवडले, तेव्हा भजन दिसले. पट्टी होती तेवढीच, आणि स्क्रीन फिट अजून राखाडीच. सोमवार संपला होता.

मंगळवारी पुन्हा हेल्पलाइन. आता प्रश्न असा होता की बॉक्स कोणते रिझोल्युशन पाठवतो. हा आकडा ओळींचा असतो. बॉक्सच्या मेनूत ५७६आय, ७२०पी, १०८०आय आणि १०८०पी असे चार पर्याय होते. पाचशे शहात्तर ओळी म्हणजे जुने साधे चित्र. सातशे वीस आणि एक हजार ऐंशी हे हाय डेफिनिशन. 'पी' म्हणजे सगळ्या ओळी एका दमात, 'आय' म्हणजे आधी एकआड एक आणि मग उरलेल्या. आमचा बॉक्स नव्या वायरनेही ५७६आयच पाठवत होता. वायर बदलली म्हणून बॉक्स बदलत नाही. त्याला सांगावे लागते.

सगळ्यात मोठा आकडा चांगला, या हिशोबाने मी १०८०पी निवडले. पडदा काळा झाला आणि तसाच राहिला. वायर हलकी होती की बॉक्सला ते जमत नव्हते, हे शेवटपर्यंत कळले नाही. मेनूही दिसेना, त्यामुळे परत फिरताही येईना.

"आता भजन पण गेलं," आई म्हणाली.

"थांब जरा."

"मी थांबलेच आहे. तेरावा थांबणार नाही."

बुधवारचा दिवस त्या काळ्या पडद्यापुढे गेला. बॉक्स बंद करून लावला, रिमोट आंधळेपणाने दाबून पाहिला. बायको म्हणाली, "समोर जाऊन पाहा म्हटलं होतं, तर नाही. आता त्यांना पण बोलावू का काळा पडदा बघायला?" आई देवघरात जाऊन बसली. मी रिमोट सोफ्यावर आपटला. त्याचे झाकण उघडले आणि एक सेल दिवाणाखाली गेला. तो शोधण्यात आणखी वेळ गेला.

तोड गुरुवारी सकाळी सापडली, आणि तीही साधी होती. तीन तोंडांची वायर पुन्हा लावली, टीव्ही एव्हीवर नेला. त्या वाटेने मेनू दिसत होता. तिथून १०८०आय निवडले आणि एचडीएमआयवर परतलो. चित्र आले. स्क्रीन फिट आता पांढऱ्या अक्षरांत होते. मी ते दाबले.

चित्र जरासे आत आले. पट्टीची अक्षरे अर्धी झाली. त्यापुढे काही नाही. टीव्हीत आता बदलण्यासारखे काहीही शिल्लक नव्हते.

संध्याकाळी बायको आवाज कमी करायला रिमोट घेऊन उभी होती. तिच्या हातून चॅनेल बदलून परत आले, तेव्हा बॉक्सची स्वतःची निळी चौकट खाली उमटली: चॅनेलचा नंबर, वेळ.

"ही पूर्ण दिसते," ती म्हणाली.

"काय?"

"निळी चौकट. खालची कडसुद्धा दिसते. टीव्ही कापत असता तर ही पण कापली गेली असती ना?"

तिचे बरोबर होते. चौकट बॉक्स काढतो. ती पूर्ण येत असेल, तर टीव्ही काही कापत नव्हता. पट्टी बॉक्समध्येच, टीव्हीपर्यंत पोचण्याआधी कापली जात होती.

मी मामांना फोन लावला. "मामा, दिवाळीत तुम्ही कोणता रिमोट दाबला होता?"

"कोणता म्हंजे?"

"मोठा की लहान?"

"दोन्ही दाबले ना. मोठ्यानं थोडं भरलं, मग लहान्यानं पूरं भरलं. काहून, पुन्हा काळं आलं का?"

"नाही मामा."

"आलं तं सांग. शनिवारी येतो मी."

लहान रिमोट बॉक्सचा. त्याच्या मेनूत, रिझोल्युशनच्या दोन पाने पुढे, चित्राच्या मापाचा वेगळा पर्याय होता आणि तिथेही झूम होते. मी ते बदलणार तोच लाइट गेली. परत आली तेव्हा बॉक्स मूळपदावर गेला होता: ५७६आय आणि मेनूची भाषा इंग्रजी. माप मात्र झूमच. तेवढे एक त्याने लक्षात ठेवले होते.

शुक्रवारी सकाळी सगळे पुन्हा केले. १०८०आय. स्क्रीन फिट. बॉक्सचे झूम काढून 'मूळ माप'. चित्र आक्रसले, दोन्ही बाजूंना काळे पट्टे उभे राहिले आणि तळाशी पट्टी आली, पूर्ण, अक्षरांच्या पायासकट. कोणाची तरी स्कूटरची चावी सापडली होती. एका वॉर्डात पाणी उशिरा येणार होते.

आई आंघोळ करून, धुवट पातळ नेसून खुर्चीत बसली होती. ती वाचत राहिली. जाहिराती गेल्या, पाणी गेले, चावी पुन्हा आली. मग शेजारणीचे नाव आले. तेरहवीं आणि गंगापूजन आज, दुपारी बारापासून, राहत्या घरी. शेवटी ती ओळ होती: कृपया यालाच व्यक्तिगत सूचना समजावे.

आईने पट्टी एकदा वाचली. नाव परत येईपर्यंत बसून राहिली. दुसऱ्यांदा ती मोठ्याने वाचली. मग उठली आणि म्हणाली, "रिक्षा आण."

आम्ही तिघे गेलो. पुरुषांची बैठक बाहेर मांडवात होती, मी तिथे बसलो. आत काय झाले ते आई आणि बायको या दोघींकडून वेगवेगळ्या वेळी ऐकले. दोघींचे सांगणे जुळते.

सुनेने नमस्कार केला आणि "या" एवढेच म्हणाली. जेवायचे विचारले नाही. आई फोटोला हार घालून भिंतीशी बसली. बैठकीच्या खोलीत मोठा टीव्ही होता. पट्टीचे पैसे भरले होते, ती चालते की नाही हे पाहण्यासाठी कोणीतरी आवाज बंद करून तो लावून ठेवला होता. चित्र पडदाभर होते. तळाला एक पांढरी रेघ सरकत होती आणि तिच्यावर वेलांट्या आणि मात्रा होत्या.

आई तिकडे पाहत राहिली. सुनेचे लक्ष आईकडे गेले, मग टीव्हीकडे.

"मावशी, काय पाहता?"

"काही नाही ग."

सून टीव्हीजवळ गेली. वाकून पाहिले. तिने दिराला विचारले, "पट्टी चालू आहे ना?"

"चालूच तं आहे," दीर म्हणाला. "केबलवाल्यानं सांगितलं, तासाला चार वेळा."

"वाचून दाखवा मग."

तो पुढे आला आणि पाहत उभा राहिला. खोलीतल्या आणखी दोघीतिघींनी मान वळवली. कोणीच काही वाचले नाही.

"तुमच्याकडे पण असंच दिसत होतं?" सुनेने विचारले.

"हो ग," आई म्हणाली. "आज सकाळी दिसली पूर्ण. म्हणून आले."

सुनेने आईचा हात धरून तिला उठवले आणि आत पंगतीकडे नेले. पहिली पंगत उठली होती. दुसऱ्या पंगतीत आईचे पान तिने स्वतः मांडले, आणि घरची सून शेवटी जेवते तरी आईच्या शेजारी बसून जेवली.